गप्प बसलेलं जनुक

बाई, आज तुला आई म्हणायची इच्छा नाही. शाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की तू आई नव्हतीसच. आम्हां दोघी बहिणींनाही इतर मुलींसारखं ‘बाई’ म्हणावं लागे, ‘तुम्ही’ म्हणावं लागे. एकदा मधल्या सुट्टीत धाकटी चुकून ‘आई, डबा!’ असं ओरडली, तर तू व्हरांड्यातून न थांबता निघून गेलीस आणि संध्याकाळी तिला विचारलंस, ‘कोणाले हाक मारत होती वं? तुझी आई तर घरी असते.’ त्या नियमाचा तेव्हा मला राग यायचा. आता तो सोयीचा वाटतो. आईवर इतकं चिडता येत नाही, बाईंवर येतं. ‘तुम्ही’ मात्र म्हणणार नाही. तेवढी शिक्षा असू दे.

चिडण्याला निमित्त एका शब्दाचं झालं, हे ऐकून तुला बरंच वाटेल. धाकटीला अंडाशयाचा कॅन्सर आहे. हे वाक्य मी मुद्दाम सरळ लिहिलं, कुठेही आडवळण न घेता. एकदा ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले, केस आले, आम्ही पेढे वाटले, आणि मग तो परत आला. आता धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात तिचे उपचार चालू आहेत. डॉक्टर वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढी, मूळची यवतमाळची. तिच्या एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी एका खाटेवर झोपल्यासारख्या दाटीवाटीने राहतात. पण ती खोटं बोलत नाही. आपल्या घराण्याला या गोष्टीची सवय नसल्यामुळे सुरुवातीला आम्हाला ती उद्धटच वाटली.

धाकटीच्या मोबाईलवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला होता. मागे बासरी, पुढे लाल-निळे गोळे, आणि एक गंभीर आवाज सांगतो आहे की कॅन्सरचं जीन सायलेंट करणारं औषध सापडलं. धाकटीने तो सगळ्यांना दाखवला. केमोच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या भंडाऱ्याच्या बाईंना दाखवला, सलाइन लावायला आलेल्या सिस्टरला दाखवला. मला म्हणाली, “मोबाईल कसा सायलेंट होते वं ताई, तसा कॅन्सर सायलेंट होणार. राहीन अंगात, पण वाजणार नाही.” मी हसले. तिच्या चेहऱ्यावर ती पूर्वीची चमक होती, बँकेत नोकरीला लागली तेव्हा नवीन नोटांचं बंडल घरी दाखवायला आणलं होतं तशी. त्या चमकेसाठी मी त्या बासरीवाल्यालाही माफ करायला तयार होते.

डॉक्टर म्हणाली की हा व्हिडिओ घेऊन रोज कुणी ना कुणी येतं, म्हणून ती एका दुपारी पेशंट आणि नातेवाइकांना खालच्या हॉलमध्ये बसवून सगळं समजावून सांगणार आहे. पण मराठी शब्दांशी तिचं भांडण होतं. लगेच धाकटी म्हणाली, “माझी ताई कॉलेजात संस्कृत शिकवते ना. तिले सांगा, ती बसवून देते शब्द.” जणू मी खिडकीची काच बसवून देणार होते. तर मी डॉक्टरच्या खोलीत बसले आणि या वयात पहिल्यांदा जीवशास्त्र शिकले. पेशीतलं जनुक स्वतः काही करत नाही, ते नुसता निरोप लिहून बाहेर पाठवतं. निरोप वाचून बाहेरचे कामगार काम करतात. गाठीतली काही जनुकं अखंड ओरडत असतात: वाढा, पसरा, औषधाला दाद देऊ नका. मग शास्त्रज्ञांनी काय केलं, तर त्या नेमक्या निरोपाला चिकटणारा एक इवलासा तुकडा तयार केला. तो चिकटला की पेशीचीच कात्री येऊन निरोप कापून टाकते. जनुक जागच्या जागी राहतं, बोंबलत राहतं, पण त्याचं ऐकायला कुणी नाही. “म्हणजे पोस्टमनला गल्लीत अडवायचं,” मी म्हणाले. “करेक्ट मॅडम,” डॉक्टर म्हणाली, “पण प्रॉब्लेम असा आहे की आपलाच माणूस त्या गल्लीत पोचत नाही.” तो तुकडा रक्तात सोडला की तुटतो, तुटला नाही तर यकृतात जाऊन बसतो. गाठीपर्यंत न्यायचा तर चरबीच्या सूक्ष्म थेंबात गुंडाळून न्यावा लागतो, आणि तरी सगळीकडे नीट पोचेलच असं नाही. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर विषाणूचीच जनुकं अशी गप्प करून पाहतायत. काचेच्या भांड्यात छान जमतं, उंदरांत बरं जमतं, माणसांत अजून चाचपडणं चालू आहे. “हे मला लोकांना सांगायचंय,” ती म्हणाली, “की आशा आहे, पण उद्या सकाळी दुकानात मिळणार नाही. आणि ‘सायलेन्सिंग’ला शब्द द्या.”

पहिला शब्द सुचला ‘मौन’. तो मी बोलायच्या आधीच खोडला, कारण मौन मुनीचं असतं हे तूच शिकवलंस. ते धरायचं असतं, कुणावर लादता येत नाही. ‘मूकीकरण’ म्हटलं तर डॉक्टर म्हणाली, पेशंट उठून जातील. मग ‘शमन’ सुचला आणि मी खुर्चीत ताठ बसले. तहान शमते, आग शमते, राग शमतो. शिवाय आपल्या वैद्यांनी शोधन आणि शमन असा भेद केलेलाच आहे: दोष उपसून बाहेर काढायचा ते शोधन, जागच्या जागी शांत करायचा ते शमन. कापाकापी आणि केमो हे शोधन, हे नवं ते शमन. ‘जनुकशमन’. डॉक्टरने शब्द तोंडात घोळवून पाहिला, “मस्त आहे मॅडम,” म्हणाली आणि पडद्यावर दाखवायच्या चित्रात मोठ्या अक्षरांत टाकून दिला. मी ऐटीत बाहेर पडले. रिक्षा सदरच्या सिग्नलला थांबली आणि माझ्या डोक्यात तू यमाची नावं म्हणायला लागलीस. आपल्या घरात देव्हारा नाही, भिंतीवर एकट्या बुद्धाची तसबीर, आणि त्याच भिंतीखाली पोळ्या लाटता लाटता तू आमच्याकडून देव, दानव, सूर्य, समुद्र, सगळ्यांची नावं पाठ करून घ्यायचीस. विश्वास ठेवायची सक्ती नव्हती, ऱ्हस्व-दीर्घाची होती. कृतान्त, अन्तक, काल, शमन. अगं, शमन हे यमाचंच नाव! कॅन्सरच्या पेशंटांसाठी मी पडद्यावर यम लिहून आले होते. तिथूनच फोन लावला. डॉक्टर हसत सुटली. “अहो मॅडम, कोणाला कळणार आहे?” मी म्हणाले, “आमच्या बाईंची एखादी विद्यार्थिनी तिथे बसलेली असली तर?” तिने विचारलं, “पेशंटच्या बाजूला का नातेवाइकांच्या?” दोन्ही बाजूंना एकेक होती, धाकटी आणि मी. शेवटी ‘निरोप अडवणारं औषध’ असं साधं ठरलं. तू नापास केलं असतंस, पण कुणी उठून गेलं नाही.

इथवर मी तुझ्यावर चिडलेली नव्हते, उलट मनातल्या मनात तुला शब्द दाखवत होते. चिडले त्यानंतरच्या तपासणीला. डॉक्टरने घराण्याची माहिती विचारायला घेतली. ही चौकशी आणि रक्तातली जनुकाची तपासणी पहिल्याच खेपेला व्हायला हवी होती, आधीच्या ठिकाणी ती राहून गेली होती. “आई कशाने गेल्या?” तिने विचारलं. आम्ही दोघी एका सुरात म्हणालो, “जलोदर.” पाढा म्हटल्यासारखं. डॉक्टरने मान वर केली. “म्हणजे पोटात पाणी. ते लक्षण झालं ना. आजार कोणता?” आम्ही एकमेकींकडे पाहिलं. “लिव्हर खराब होतं का? कावीळ? दारू?” “दारू!” धाकटी म्हणाली. “आमची आई खोकल्याचं औषध पण वास घेऊन परत ठेवून द्यायची.” “मग पाणी आलं कुठून?” डॉक्टर म्हणाली.

पाणी आलं कुठून. बाई, तुझ्या एका मुलीने जन्मभर शब्दांची व्युत्पत्ती शिकवली आणि दुसरीने बँकेत बसून लोकांच्या सह्या जुळवून पाहिल्या, आणि दोघींना हा प्रश्न कधी पडला नाही. पडेल कसा? शब्द किती देखणा दिला होतास तू. जल अधिक उदर, गुणसंधी. तुला भेटायला येणाऱ्यांना आम्ही तो ऐटीत सांगायचो. शेजारच्या घरात कुणाला मूळव्याध, कुणाला खरूज, आणि आमच्या आईला जलोदर. ऐकणारा मान डोलावून गप्प बसायचा, कारण पुढे काय विचारायचं तेच त्याला कळत नसे. तू शब्द सांगण्यासाठी निवडलाच नव्हतास, पुढचा प्रश्न अडवण्यासाठी निवडला होतास.

आणि हे कुणी करावं? नववीत असताना मी भाषांतरात ‘पोटात दुखते’ असं ढोबळ लिहिलं होतं, तर तू मला अख्ख्या वर्गासमोर उभं केलं होतंस. मला अजून तो तुझा आवाज ऐकू येतो. तू टेबलाला टेकून उभी आहेस, हातात माझी वही आहे, आणि विचारते आहेस, “पोट म्हणजे काय? उदर, जठर, कुक्षी, की गर्भाशय? पोट काय एकच खोली आहे का? कुठे दुखतं ते नेमकं सांगता येत नसेल तर वैद्यानं काय पंचांग बघून औषध द्यायचं?” मुली हसल्या. माझे कान तापले. तो तास संपेपर्यंत मी उभी होते, आणि त्यानंतर आयुष्यात ढिला शब्द वापरला नाही. तुझ्या पोटात दुखायला लागलं तेव्हा तुला या खोल्या आठवल्या नाहीत का? की नेमकी खोली ठाऊक होती म्हणूनच दाराला तो लांबलचक संस्कृत पडदा लावलास?

तुझं पोट वाढायला लागलं तेव्हा मी कॉलेजात होते, धाकटी तुझ्याच वर्गात. तू साडीच्या निऱ्या वर ओढून बांधायला लागलीस, पदर समोरून घ्यायला लागलीस. एका सकाळी तू वर्गात येण्याआधी कुणीतरी फळ्यावर लिहून ठेवलं, ‘शिक्षिका गर्भिणि अस्ति’. धाकटीला पुसायचं होतं, पण तिचे पाय उचलले नाहीत, असं ती त्या संध्याकाळी रडत मला सांगत होती. तू आलीस. फळा वाचलास. तू खडू उचललास, ‘गर्भिणि’तली वेलांटी दीर्घ केलीस, खाली एक रेघ ओढलीस आणि म्हणालीस, “ईकारान्त स्त्रीलिंगी. पुन्हा चुकवाल तर दहादा लिहून आणायला लावीन.” आणि धडा सुरू. ही गोष्ट आम्ही दोघींनी इतकी वर्षं अभिमानाने सांगितली. तुझ्या शोकसभेत मी सांगितली, लोकांनी डोळे पुसले. आज मला ती सहन होत नाही. व्याकरण दुरुस्त केलंस, बाई, आणि वाक्य खोटं तसंच ठेवलंस. समोर पहिल्या बाकावर तुझी मुलगी बसली होती.

खरं काय ते आम्हाला मावशीकडून कळलं. ती आता शहरातच इंदोऱ्यात मुलाकडे असते. तिला ऐकू कमी येतं, आठवतं मात्र सगळं. धाकटी डोक्याला स्कार्फ बांधून तिच्या पुढ्यात बसली आणि मी तिच्या कानाशी ओरडून विचारलं, आईला काय झालं होतं? मावशी सुपारी कातरता कातरता म्हणाली, “अंडाशयाचं होतं वं तिले. डॉक्टरनं तोंडावर सांगतलं. तुह्या बाबाले मालूम होतं, मले मालूम होतं.” “मग आम्हाला काहून नाही सांगितलं?” “तिनं हातावर हात घेऊन वचन घेतलं ना माह्याकडून. म्हने, पोरीईचे लग्न होऊ दे, मंग सांगजो.” “मावशी, लग्नं होऊन किती वर्षं झाली!” मावशीने अडकित्ता खाली ठेवला. “हो. पन इचारलं कोनी? तुमी दोघी त जलोदर-जलोदर करत होत्या. मले वाटलं, एवढ्या शिकलेल्या पोरी, समजलंच असंन.” धाकटी हसायला लागली, मग तिला खोकला आला, मग ती रडायला लागली. मावशीने तिच्या हातावर सुपारी ठेवली.

तर लग्नासाठी. आईच्या पोटात कॅन्सर निघाला हे बाहेर पडलं तर पोरींना कोण करून घेणार, यासाठी. बाई, माझं लग्न कसं झालं आणि कसं मोडलं, ते बघायला तू नव्हतीस, म्हणून थोडक्यात सांगते. बघायला आले तेव्हा त्यांनी चहासोबत सगळं सांगितलं होतं: सासऱ्यांना दमा, सासूबाईंना मधुमेह, मधल्या दिराला फिट्स. मोकळेपणाने सांगितलं, कारण ती मुलाची बाजू होती. आणि आपल्या बाजूने बाबा मान खाली घालून म्हणाले, ‘मुलींची आई जलोदराने गेली.’ त्यांनी ‘अरेरे’ म्हटलं आणि बिस्किट उचललं. ज्या लग्नाच्या मांडवासाठी तू आमच्या रक्तातली बातमी गाडून ठेवलीस, ते लग्न मांडवाच्या भाड्याइतकंही टिकलं नाही. हे मी विनोदाने म्हणते आहे. फार हसू नकोस.

मला सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो, सांगू? आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा तू त्यांच्या खांद्यावर होतीस. ज्या भाषेचा शब्द कानावर पडू नये म्हणून आपल्या माणसांना लांब उभं केलं, ती भाषा शीक आणि त्यांच्याच पोरींना शिकव, असं ते तुला सांगत. तू शिकलीस. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी गोड आवाजात विचारलं होतं, ‘तुमच्यात संस्कृत घेतात?’ आणि तू वह्यांचा गठ्ठा उचलता उचलता म्हणाली होतीस, ‘घेत नाही हो, देतो.’ हे उत्तर मी आजही वापरते. अशा किमतीने मिळवलेली भाषा, आणि ती तू वापरलीस कशाला, तर पोट झाकायला. जगाने गप्प बसवलेल्या माणसांच्या पोटी जन्मून तू स्वतःहून गप्प बसलीस, तेही स्थळांसाठी. तेव्हा ही रक्ताची तपासणी नव्हती, मान्य. कळून तुझं काही वाचलं नसतं, तेही मान्य. पण शब्द वाट पाहत राहिला असता. तपासणी निघाली तेव्हा तो दार वाजवत आला असता. धाकटीचं पोट फुगायला लागलं तेव्हा ती गॅसच्या गोळ्या खात राहिली, ओव्याचं पाणी पीत राहिली, बँकेतल्या मैत्रिणींनी सांगितलं म्हणून सकाळी चालायला जात राहिली. ‘आपल्याकडे अंडाशयाचा आहे’ एवढे तीन शब्द तिच्याजवळ असते, तर ती ओवा सोडून धंतोलीत गेली असती.

धाकटीचा जनुकाचा निकाल आला तेव्हा तिच्या मनात अजून तो व्हिडिओ होता. डॉक्टरने कागद बाजूला ठेवला आणि सांगितलं की बिघाड आहे, घराण्यातून आलेला आहे. धाकटीने लगेच विचारलं, “मग हेच जीन गप्प करता येईल ना, मॅडम? ते निरोप अडवून?” डॉक्टरने खुर्ची पुढे ओढली. “नाही ना. ते औषध ओरडणाऱ्या जीनसाठी आहे. तुमच्याकडे आलेलं हे दुरुस्तीवालं जीन आहे. पेशीत काही तुटलं की यानं हाक मारायची, जोडा म्हणून सांगायचं. ते हाकच मारत नाही. ते आधीच बंद पडलंय.” धाकटी मला कोपराने ढोसून म्हणाली, “घे. आपल्या घरातलंच हाये मग. गप्प बसणारं.” डॉक्टरला कळेना, आम्ही दोघी का हसतो आहोत. मग तिने चांगली बातमीही सांगितली: हेच जनुक बंद पडलेलं असलं तर उपयोगी पडणारी एक गोळी आहे, ती संशोधनातली नाही, आज मिळते, काहींचा आजार ती बराच काळ आवरून धरते. म्हणजे गप्प करणाऱ्या औषधाची वाट बघत बसलेल्या तुझ्या मुलीला, कोण गप्प बसलंय हे कळल्यावर औषध मिळालं.

आणि मग डॉक्टर म्हणाली, “मुलगी आहे ना तुम्हाला? तिची तपासणी करायला पाहिजे. आणि ताईंची पण.” जिन्यात धाकटी म्हणाली, “पोरीले आत्ता नाही सांगायचं. पुण्याचं स्थळ येऊन राहिलं. जमू दे, मग सांगू.”

बाई, मी तिच्यावर त्या जिन्यात ओरडले. लोक थांबून पाहायला लागले. कॅन्सर असलेल्या बाईवर कुणी ओरडत नाही, मी ओरडले. “तू वेडी झालीस का? आईनं हेच केलं!” “आईनं आपल्यासाठी केलं.” “तुझ्यासाठी केलं म्हणून तू इथे जिन्यात उभी आहेस.” तिने कठडा धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “ताई, तुले मूल असतं तर समजलं असतं.” ते लागलं. मी म्हणाले, “बरं. मग पोरीला सांगायला एक शब्द तयार करून देते. जलोदर वापरून झालाय.” आणि तिला तिथेच सोडून मी खाली आले. रिक्षा मात्र दोघींची एकच केली, कारण भांडण असलं तरी ऊन होतं. रस्ताभर ती डावीकडे बघत होती, मी उजवीकडे.

पुढच्या रविवारी तिने जेवायला बोलावलं. मी खुर्चीवर बसले आहे, धाकटी मेथी निवडते आहे, भाची ओट्याशी पोळ्या लाटते आहे. धाकटीचा नवरा बाहेर पेपर वाचतोय. आणि मेथीची जुडी सोडता सोडता, मान वर न करता, धाकटी म्हणते, “ऐक वं. तुझ्या आजीले अंडाशयाचा कॅन्सर होता, मले आहे, तुले होऊ शकते. रक्त तपासून घ्यायचं. अन् ती पोळी उलट, जळून राहिली.” भाचीने पोळी उलटली. खरंच उलटली, आधी पोळी आणि मग बाकीचं. गॅस बंद केला. “आजीला तर जलोदर होता ना?” तिने विचारलं. म्हणजे तोही शब्द तिसऱ्या पिढीपर्यंत व्यवस्थित पोचला होता. “नव्हता,” धाकटी म्हणाली. “ते तिचं संस्कृत होतं.” भाची ओट्याला टेकून बराच वेळ रडली, कुणी तिला गप्प केलं नाही. मग नाक पुसून म्हणाली, “पुण्यावाल्यांना सांगायचं?” “तू ठरव. मी आपणहून सांगणार नाही, अन् विचारलं तर लपवणार नाही.” “आणि ते नाही म्हणाले तर?” “तर तुले एक घर कमी झाडावं लागीन.” त्यावर ती रडता रडता हसली, आणि मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, “मावशी, तू केली टेस्ट?”

मी केली नव्हती. इतके दिवस तुझ्यावर चिडण्यात मला वेळच मिळाला नव्हता. तर आम्ही दोघींनी एकाच सकाळी रक्त दिलं. भाचीने सुई टोचताना डोळे मिटले, मी उघडे ठेवले, मोठी आहे म्हणून. निकाल वेगवेगळे येतील असं तिथल्या मुलीने सांगितलं होतं. माझा आज आला.

माझ्यात ते जनुक धड आहे. डॉक्टर म्हणाली, यात कुणाचं पुण्य नाही की पाप नाही, प्रत्येक लेकराला निम्मी निम्मी शक्यता असते. तुझ्याकडून धाकटीला मोडकं गेलं, मला चांगलं आलं, बस्स. भाचीचा निकाल अजून यायचा आहे. वरच्या मजल्यावर धाकटी सलाइन लावून पडली होती. मी तिच्याजवळ जाऊन, चेहरा पाडून, ‘माझ्यात नाही निघालं’ असं सांगितलं, आणि ती मनापासून खूश झाली. मोकळ्या हाताने तिने माझा गाल ओढला, “सुटली वं तू!” म्हणाली. भंडाऱ्याच्या बाईंनाही तिने ओरडून सांगितलं.

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच, तर खरं लिहिते. तो पाडलेला चेहरा नाटकी होता. तिच्याकडे जायच्या आधी मी जिन्यात थांबले होते, त्याच जिन्यात, आणि मला आनंद झाला होता. हायसं नाही, बाई. आनंद, सरळ, धडधडीत, पोरकट. धाकटीचा चेहरा आठवत असताना झाला, भाचीचा निकाल बाकी असताना झाला, आणि मी तो थांबवला नाही, पुरता होऊ दिला आणि मगच वर गेले. नेमका शब्द वापरायचा तर हाच आहे. तिला हे मी कधी सांगू शकणार नाही. तुला सांगितलं, कारण तू कुणाला सांगणार नाहीस एवढी मला खात्री आहे.